पुळणीवरचे दोन किल्ले : तायुआनच्या प्रतिकृतीच्या नोंदी

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून वही सुरू. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांचा प्लाय आणून ठेवला. त्यावर तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची तायुआनची पुळण उभी करायची आहे, १६६१ सालात होती तशी. आज ती जागा ताइनान शहराचा आनपिंग नावाचा भाग आहे.

तायुआन माझ्या डोक्यात शिरलं ते वेंगुर्ल्यामुळे. डच वखारीत मी वर्षानुवर्षं मुलांना घेऊन जात असे. जांभ्याच्या भिंती, त्यांच्यावर चढलेली झाडं, बिनछपराच्या खोल्या. मुलं हमखास विचारायची, "बाई, ही माणसं इथे आली, तशी आणखी कुठे गेली?" वर्गात उत्तर द्यायचे ते तोंडातल्या तोंडात. निवृत्त झाल्यावर नीट शोधायला बसले. १६३७ पासून डच ईस्ट इंडिया कंपनी वेंगुर्ल्यात होती. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या तिच्या गलबतांना पाणी आणि शिधा इथूनच मिळायचा. त्याच सुमाराला त्याच कंपनीचे गवंडी तायुआनच्या वाळूवर विटा रचत होते. त्या किल्ल्याचं नाव झेलांडिया. त्याचे अवशेष आजही उभे आहेत, पर्यटक बघायला जातात.

माझा जीव अडकलाय तो त्याच्या आजूबाजूच्या दोन लहान किल्ल्यांत. एक झेबुर्ख, दुसरा उट्रेख्त. दोन्ही आज नाहीत. झेलांडिया का पडला हे या दोघांवाचून कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडा वाया गेला आणि चूक सर्वस्वी माझी. उपग्रहाच्या नकाशावरून किनाऱ्याची रेघ मोठी करून प्लायवर उतरवली, भाच्याने जिगसॉने कापायला घेतलं. निम्मं कापून झाल्यावर जुन्या नकाशाची प्रत वर ठेवली तर समुद्रच सापडेना. आज आनपिंग आणि शहर यांच्यामध्ये रस्ते आहेत, घरं आहेत, मत्स्यशेतीची तळी आहेत. १६६१ मध्ये तिथे पाणी होतं. पुळणीच्या आत पसरलेली ही मोठी उथळ खाडी, ताइज्यांग. १८२३ च्या वादळात नदीने इतका गाळ आणून टाकला की खाडीचा मोठा भाग बुजला आणि नंतर बुजतच गेला.

भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं आणि किनारा हलतो हे विसरून आजचा किनारा गृहीत धरला. माझं माहेर देवबागचं. एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. लहानपणी जिथे आम्ही सुरूच्या झाडाखाली खेळलो तिथे आता लाट येते. मला तरी हे कळायला हवं होतं.

नवा प्लाय आणला. जुना सुतारकाकांनी फळ्यांसाठी ठेवून घेतला, फुकट गेला नाही.

१२ नोव्हेंबर

प्रमाण ठरलं : १ : ४०००. आजचं आनपिंग आणि खाडीपलीकडचा प्रोव्हिंशिया किल्ला (आजचा चिकान मनोरा) यांच्यात सव्वाचार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. म्हणजे प्लायवर एक मीटर आणि वर थोडं. आडवं बसतं. उत्तर-दक्षिण जवळजवळ पावणेदहा किलोमीटर मिळतात, त्यात उत्तरेचं तोंड आणि दक्षिणेकडे जाणारी पुळण दोन्ही येतात.

अडचण उंचीची आहे. दहा मीटरचं टेकाड धरलं तरी या प्रमाणात ते अडीच मिलिमीटर होतं. हाताला लागणारही नाही. आणि इथे सगळी गोष्टच टेकाडाची आहे. म्हणून उंची पाचपट घेणार आणि बाजूच्या पाटीवर तसं स्वच्छ लिहिणार. शिवाय झेलांडिया आणि उट्रेख्त या दोघांचा एक वेगळा, मोठ्या प्रमाणातला तुकडा करायचा. दोन पाट, एकच जागा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुळण आखून झाली. उत्तरेला बाक्सेमबॉय नावाचं वाळूचं बेट. त्याच्या दक्षिणेला बंदराचं मुख्य तोंड. मग तायुआन, ज्यावर झेलांडिया. तिथून खाली वाळूची टेकाडं एकापाठोपाठ एक, दक्षिणेला थेट मुख्य भूमीपर्यंत. चिनी लोक या टेकाडांना कुनशेन म्हणत. कुन म्हणजे पुराणातला अवाढव्य मासा, कुनशेन म्हणजे त्याचं अंग. पहिलं कुनशेन, दुसरं, असं करत सातवं. पाण्याबाहेर आलेल्या सात माशांच्या पाठी. झेलांडिया पहिल्या माशाच्या पाठीवर. नावं अजून टिकून आहेत. शहराच्या आजच्या नकाशातही चौथं कुनशेन सापडतं.

भाच्याला हे फार आवडलं. सातही पाठींना त्याने पेन्सिलने डोळे काढले. पुसायला लावले नाहीत, वर वाळू येणारच आहे.

नकाशा भिंतीवर लावून बराच वेळ बघत बसले. डचांना बंदर हवं होतं, म्हणून ते पुळणीच्या टोकाशी बसले. १६२४ मध्ये मिंग सैन्याने त्यांना चीन आणि तैवान यांच्यामधल्या पेस्काडोर बेटांवरून हुसकावलं तेव्हा ते इथे आले. आधी वाळू आणि फळ्यांचा कोट, नाव ऑरेंज. १६२७ मध्ये त्याचंच झेलांडिया झालं, पुढे विटांचा पक्का किल्ला. गलबतं तोफांच्या खालून आत येणार, चीनचं रेशीम आणि जपानची चांदी हातातून जाणार, तैवानच्या हरणांची कातडी जपानला जाणार. व्यापाराला जागा नंबर एक. पण पुळणीच्या टोकावरच्या माणसाला दोन बाजूंनी भीती असते. एक, शेजारचं दुसरं तोंड. दुसरी, मागून पुळणीवरून चालत येणारा. त्या दोन भीतींसाठी हे दोन लहान किल्ले होते. झेबुर्ख तोंडासाठी, उट्रेख्त पाठीसाठी.

२३ नोव्हेंबर, रविवार

ट्रे झाला. होड्यांना फायबरचं कोटिंग करणाऱ्या माणसाकडून आतून दोन हात मारून घेतले. रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी खाली एक थेंब नाही.

पण वाळू टिकली नाही. रेती चाळून, फेव्हिकॉलमध्ये कालवून बाक्सेमबॉय थापलं होतं. वाळल्यावर अगदी छान दिसत होतं. पाणी सोडलं आणि अर्ध्या तासात दुधासारखा पांढरा ओघळ खाली आला, बेटाचं उत्तरेचं टोक बसलं. भाचा म्हणाला, "आत्ये, वादळ येण्याआधीच गेला गो!" तो हसला, मी मात्र त्या बसलेल्या टोकाकडे बघत राहिले. अगदी तिथेच झेबुर्ख होता.

म्हणून झेबुर्खची गोष्ट आजच लिहून ठेवते. १६२७ मध्ये डचांनी बाक्सेमबॉयवर तो बांधला. बेटाच्या उत्तरेला आत शिरायचं आणखी एक तोंड होतं, लुअरमेन, म्हणजे हरणाच्या कानाचं दार. उथळ, वाळूने भरलेलं, मोठ्या गलबतांना बेभरवशाचं. त्यावर नजर ठेवायला हा लहानसा किल्ला. १६५६ च्या वादळात तो कोसळला. पुन्हा बांधला नाही. तोंड एवढं उथळ, तिथून कोण येणार, असा हिशोब झाला.

नवं मिश्रण : सिमेंट एक भाग, बारीक रेती चार भाग, वर थोडा पिवळा रंग. कडक होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भरतीचा प्रयोग. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटातून आनंद झाला.

मुख्य तोंड बोटाच्या दोन पेरांइतकं खोल ठेवलंय. लुअरमेन जेमतेम एका पेराचं. एका बाजूने पाणी तांब्यातांब्याने ओतायचं आणि पट्टीवर पातळी बघायची. पाच तांब्यांना मुख्य तोंड वाहतं झालं, लुअरमेन कोरडं, मध्ये ओली वाळू. सहाव्याला वाळूवर चमक आली. सातव्याला पाण्याची एक बारीक रेघ कानाच्या दारातून आत सरकली आणि डोळ्यांदेखत खाडीच्या पाण्याला जाऊन मिळाली. भाच्याने आगपेटीच्या काड्यांच्या होड्या केल्या होत्या. त्यातली एक फुंकरही न मारता आत गेली.

३० एप्रिल १६६१. झेंग चेंगगाँग, ज्याला डच कोक्सिंगा म्हणत, शेकडो जहाजं आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसं घेऊन समुद्रात थांबला होता. मिंग घराण्याशी तो एकनिष्ठ. मांचूंनी चीन घेतला, नानजिंगला त्याचा पराभव झाला, आता पाय रोवायला जागा हवी होती. त्याच्यासोबत हे बिन होता. हा डचांकडे दुभाषा होता, नंतर पळाला, आणि खाडीची माहिती त्याला होती. मुख्य तोंडावर झेलांडियाच्या तोफा. लुअरमेनवर कोणी नाही. भरती आली आणि आरमार त्या दारातून आत शिरलं. किल्ल्याच्या तटावर उभे असलेले डच बघत राहिले. तिथपर्यंत तोफ पोचत नव्हती.

सातवा तांब्या मी तीन वेळा ओतला. पोरं येतील तेव्हा त्यांच्याच हातून ओतून घ्यायचा.

३ डिसेंबर

काल एकाने विचारलं, एक लहान बुरुज असता तर एवढं आरमार थांबलं असतं का? प्रश्न बरोबर आहे. मला वाटतं थांबलं नसतं, पण वेळ गेला असता, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. अडलेलं आरमार ओहोटीत वाळूवर टेकतं. इतकंच माझं म्हणणं आहे, त्यापुढे ताणत नाही.

त्याच दिवसांत आणखी एक झालं. कप्तान थॉमस पेडेल २४० माणसं घेऊन बाक्सेमबॉयवर उतरला. बंदुकांच्या पहिल्या फैरीला समोरचे पळतील असा त्याचा समज. ते पळाले नाहीत. पेडेल आणि त्याची ११८ माणसं त्याच वाळूवर पडली. समुद्रात डचांचं सर्वांत मोठं गलबत हेक्टर दारूगोळ्यासकट उडालं. मारिया नावाचं एक लहान गलबत मात्र निसटलं आणि उलट्या वाऱ्यात पन्नासहून अधिक दिवस झगडत बटाव्हियाला, आजच्या जकार्ताला, पोचलं. मोसमी वारा तोंडावर घेऊन जाणं काय असतं हे आमच्या खलाशांना सांगावं लागत नाही. रापणीच्या एका म्हाताऱ्या आजोबांना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या तांडेलाचा नाव लिवन ठेव." नाव मला मिळालेलं नाही. गलबताचं नाव पाटीवर लिहिलं.

खाडीपलीकडचा प्रोव्हिंशिया ४ मे रोजीच शरण गेला. झेलांडिया उरला.

७ डिसेंबर, रविवार

दुसरा पाट, मोठ्या प्रमाणाचा. झेलांडियाचा आतला किल्ला सनबोर्डचा केला. चौकोन आणि चारही कोपऱ्यांना बाणाच्या पात्यासारखे टोकदार बुरुज. मिडेलबर्ग, फ्लिसिंगेन अशी त्यांची नावं, झेलंड या डच प्रांतातल्या गावांची. खाली समुद्राकडे दुसरा, बाहेरचा कोट.

सुतारकाका आपले गड हिंडलेले. बुरुज गोल हवा, हे टोक कशाला, म्हणाले. मग त्यांना दोरा लावून दाखवलं. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू येऊन चिकटला तर शेजारच्या बुरुजावरून तो नीट दिसत नाही, समोर एक मेली जागा राहते. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजाच्या तोफेसमोर उघडी असते. दोरा कुठूनही ओढा, तो दुसऱ्या बुरुजाला जाऊन टेकतो. काकांनी स्वतः चारी बाजूंनी दोरा ओढून बघितला आणि पाचव्यांदा ओढताना मान हलवली.

मे महिन्याच्या शेवटी कोक्सिंगाने तोफा लावून थेट हल्ला केला तेव्हा याच भूमितीने त्याची माणसं कापली गेली. दोन बाजूंनी मारा, आडोसा कुठेच नाही. डच बाहेर पडले आणि तोफांच्या कानांत मेखा ठोकून परत आले. आपल्या बखरींतही मेखा मारल्याचं वाचतो आपण, त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटला नाही. त्यानंतर कोक्सिंगाने थेट हल्ल्याचा नाद सोडला आणि वेढा घालून बसला. गव्हर्नर फ्रेडरिक कॉयेट आत, उपासमार आणि आजार आत.

१४ डिसेंबर, रविवार

चुन्याचा प्रयोग. आनपिंगच्या जुन्या विटांच्या भिंतीचा सांधा कालवांच्या शिंपल्यांचा चुना, साखरेचं पाणी आणि चिकट तांदळाची पेज यांचा होता असं सांगतात. आमच्याकडेही शिंपल्यांचा चुना भाजत, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. चिकट तांदूळ मिळाला नाही म्हणून उकड्या तांदळाची पेज घेतली. चार लहान विटा रचून एक साधा चुन्याचा सांधा केला, एक पेज-साखरेचा.

तीन दिवसांनी नखाने खरवडून बघितलं. साध्या चुन्याची पूड आली. पेजेच्या सांध्यावर नख घसरलं, खडूसारखी एक रेघ उठली, बस्स. वास अजून आंबूस आहे. तांदळातल्या स्टार्चमुळे चुन्याचे स्फटिक बारीक आणि दाट बसतात, म्हणून बळकटी येते. उकड्या तांदळाने एवढं केलं तर चिकट तांदळाने किती केलं असेल.

झेलांडियाच्या विटा काही तैवानच्या नव्हत्या, बटाव्हियाहून गलबतांनी आल्या, चीनकडूनही आल्या. वाळूवर बसून विटा समुद्रातून आणायच्या! पुढे त्या विटा लोकांनी नेल्या. १८७४ ते १८७६ मध्ये दुसऱ्या कुनशेनवर चिनी सरकारने नवी तोफांची गढी बांधली, तिच्यातही झेलांडियाच्या विटा वापरल्याचं सांगतात. दुसऱ्या माशाच्या पाठीवर पहिल्याचा काटा. किल्ला असाही नाहीसा होतो. वेंगुर्ल्याच्या वखारीचे चिरे कुठे कुठे गेले असतील हा विचार तिथे गेल्यावर नेहमी येतो.

२१ डिसेंबर, रविवार

आता टेकाड.

झेलांडिया पुळणीवर बसला पण त्याच्या शेजारी, समुद्राच्या बाजूला, वाळूचं एक उंच टेकाड होतं. किल्ल्यापेक्षा वरचं. बांधतानाच ही खोट राहिली. त्या टेकाडावरून तोफ लावली तर किल्ल्याच्या आत गोळा पडतो. डचांना हे कळत होतं, म्हणूनच साधारण १६४० च्या सुमाराला त्यांनी माथ्यावर एक लहानसा भक्कम कोट बांधला. तोच उट्रेख्त. पुळणीवरून मागून येणाऱ्यावर त्याचा पहारा, आणि त्याहून मोठं काम म्हणजे टेकाड शत्रूच्या हाती लागू न देणं.

टेकाड सिमेंट-रेतीचं उभं केलं. सुतारकाका दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, किल्ला बांधूच्या आदी ह्या टेकाड तासूक होया हुता." एवढ्या पानांनी मला जे सांगितलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी विचारलं, वाळू तासून समुद्रात टाकली तर? तर म्हणाले, "वारो परत आणून घालता. देवबागात ऱ्हवान तुका म्हायत नाय?" माहीत आहे. वाळूच्या टेकाडाला माणूस कुंपण घालतो, वारा त्याला दुसरीकडे उचलून ठेवतो. तरी कोट बांधून माथा धरण्यापलीकडे डचांनी काही करायला हवं होतं असं मला वाटत राहतं. किंवा जागाच बदलायला हवी होती. पण बंदर तिथे होतं.

२८ डिसेंबर, रविवार

दोऱ्याचा प्रयोग, पण उलटा. उट्रेख्तच्या माथ्यावर टाचणी रोवली. तिथून दोरा ताणून झेलांडियाच्या आतल्या चौकात नेला. तटाला कुठेही लागला नाही. दुसरा दोरा, गव्हर्नरच्या घराच्या जागी. लागला नाही. मग भाच्याने मोबाइल आडवा धरून टेकाडाच्या माथ्याच्या उंचीवरून फोटो काढला. फोटोत चारही टोकदार बुरुजांच्या पाठी दिसतात, आतलं अंगण दिसतं, विहिरीसाठी ठेवलेलं बटण दिसतं. ज्या भूमितीने मे महिन्यात हजारो माणसं थोपवली, ती वरून बघितली की नुसती उघडी पेटी.

फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. मी इतके महिने हे वाचत होते. फोटो बघितल्यावर जिवाला लागलं.

११ जानेवारी, रविवार

मधले दोन आठवडे घरात आजारपण, काम झालं नाही.

आज वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांची पाटी लिहिली. ऑगस्ट १६६१ मध्ये बटाव्हियाहून मदत आली, सेनापती याकोब काऊ. सप्टेंबरमधला त्यांचा हल्ला फसला. नंतर काऊ मांचूंना मदत करतो असं सांगून निघाला तो सयामलाच, आजच्या थायलंडला, गेला. हे वाचताना राग येतो, आत उपाशी बसलेली माणसं किनाऱ्यावर डोळे लावून असतील.

डिसेंबरमध्ये किल्ल्यातला एक सार्जंट, हान्स युर्गेन राडिस, फुटून कोक्सिंगाकडे गेला. आतली अवस्था सांगितली, आणि सांगितलं की उट्रेख्त घ्या. मी ही ओळ लिहून बराच वेळ थांबले. गव्हर्नरपासून सार्जंटपर्यंत सगळ्यांना टेकाडाचं माहीत होतं. नुसतं कोक्सिंगाला सांगायचं बाकी होतं.

१८ जानेवारी, रविवार

उट्रेख्त सनबोर्डचा न करता सुतारकाकांनी सागाचा करून दिला. अंगठ्याच्या पेराएवढा. खाली एक खुंटी, टेकाडात भोक. उचलता येतो, परत बसवता येतो. बसताना "टक" असा आवाज येतो.

त्याचं रूप चित्रांत जितकं दिसतं तितकंच दाखवलं. वेढ्याच्या वेळी किल्ल्यात असलेला आल्ब्रेख्त हेरपोर्ट नावाचा स्विस सैनिक, जो पुढे बर्नला परतला आणि १६६९ मध्ये आपला प्रवास छापला, त्याने वेढ्याचं चित्र दिलं आहे. टेकाड, त्यावर कोट, खाली किल्ला, सगळीकडे धूर. आतलं बांधकाम, जिने, दारं मी मनाने काढली नाहीत. बाहेरून एक ठोकळा, एवढंच.

झेबुर्खचं काय करावं यावर आमचं आज थोडं वाजलं. भाच्याचं म्हणणं, तोही करूया, सागाचा, जोडी दिसेल. माझं म्हणणं, पाट १६६१ चा आहे, तेव्हा तो पडलेला होता. शेवटी बाक्सेमबॉयच्या टोकावर त्याच्या जागी चार-पाच विटांचे तुकडे टाकले, तेही अर्धे वाळूत. पेजेच्या सांध्याचे जे तुकडे उरले होते तेच.

२५ जानेवारी, रविवार

तारीख जुळून आली. १६६२ च्या याच दिवशी उट्रेख्त पडला.

वाचनालयात सकाळी अकरा पोरं आली. आधी मोठ्या पाटावर सातवा तांब्या. सगळ्यात लहान मुलीने ओतला, दोन्ही हातांनी धरून. रेघ आत सरकली तेव्हा खोलीत अगदी शांत होतं.

मग टेकाड. कोक्सिंगाने तीन ठिकाणी मोर्चे बांधून २८ तोफा उट्रेख्तवर रोखल्या आणि दिवसभर मारा केला. एवढ्याशा कोटावर. संध्याकाळपर्यंत आत राहण्यासारखं काही उरलं नाही. डच मागे सरले, पण जाताना दारूची पिंपं आणि जळती वात ठेवून गेले. शत्रू चढून आत शिरला आणि कोट उडाला. कोक्सिंगा स्वतः त्यात थोडक्यात वाचला असं म्हणतात. टेकाड मात्र तिथेच होतं, आता त्याचं. त्याने वर तोफा चढवायला सुरुवात केली. सात दिवसांनी, १ फेब्रुवारी १६६२ ला, नऊ महिने टिकलेल्या झेलांडियाने १८ कलमांचा तह केला. डच सामानसुमान घेऊन जहाजांवर चढले. कोक्सिंगाही त्याच वर्षी जूनमध्ये गेला, वय जेमतेम ३७. कॉयेटवर कंपनीने खटला भरला, आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कित्येक वर्षं ठेवलं. १६७५ मध्ये 'सी.ई.एस.' एवढ्याच आद्याक्षरांखाली एक पुस्तक आलं, त्यात दोष वरिष्ठांचा असल्याचं मांडलं आहे. ते कॉयेटचंच मानतात.

एका मुलाने उट्रेख्त उचलला, भोकाकडे बघितलं आणि विचारलं, "आणि आता तिथे काय आहे?" मी सांगितलं : आनपिंगच्या जुन्या दफनभूमीचं टेकाड आहे ना, तीच ती जागा असावी असं मानतात. थडगी आहेत, झाडं आहेत. समुद्र पूर्वीपेक्षा लांब गेला आहे. त्याने कोट परत बसवला नाही, हातातच धरून ठेवला आणि डोळा टेकाडाच्या माथ्याला लावून किल्ल्याच्या अंगणात बघत राहिला. मागे रांग लागली तरी हलेना.

२७ जानेवारी

किरकोळ कामं उरलीत. मोठ्या ट्रेची दक्षिणेची कड किंचित गळतेय, सहाव्या कुनशेनखाली, एमसील लावायचं. उंची पाचपट घेतल्याची पाटी फार खाली लागली आहे, पोरांना दिसत नाही, वर घ्यायची. पाण्यात रंगाचा थर सुटतोय का ते आठवडाभर बघायचं. सागाचा उट्रेख्त दोराने बांधून ठेवावा असं भाचा म्हणतो, नाहीतर कोणाच्या तरी खिशातून घरी जाईल. दोर बांधला तर टेकाडावर डोळा लावताना मध्ये येईल. काकांना दुसरा एक करून ठेवायला सांगितलं आहे.